लेकराची छाती आणि घरचा धूर: सीमाभागातल्या आईबापांसाठी

मूल खोकतंय, नाक वाहतंय, अंग कोमट लागतंय. हे साधं पडसं की न्यूमोनिया, हे घरच्या घरी बऱ्याच अंशी ओळखता येतं आणि त्याला कुठलंही यंत्र लागत नाही. मूल झोपलेलं किंवा मांडीवर शांत असताना अंगातलं झबलं वर करा, पोटावर-छातीवर उजेड पडू द्या. मोबाईलवर एक मिनिटाचा टायमर लावा आणि पोट वर येईल तसा एकेक श्वास मोजा. पूर्ण ६० सेकंद मोजायचं. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण लहान मुलाचा श्वास मध्येच घाईचा, मध्येच संथ असतो आणि गुणाकारात चूकही चौपट होते. रडणाऱ्या मुलाचे श्वास मोजून काही कळत नाही. तापात श्वास थोडा वाढतो हे खरं, पण "ताप आहे म्हणून असेल" असं म्हणून वाढलेला आकडा सोडून देऊ नका.

मिनिटाला २ महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, २ ते १२ महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास भरले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. २ महिन्यांच्या आतल्या बाळाचे दोनदा मोजा. दोन्ही वेळा ६० किंवा जास्त भरले तर थेट मोठ्या दवाखान्यात न्या.

आकडा कितीही असो, श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल तर थांबायचं नाही. आपल्याकडे याला "पोट उडतंय" किंवा "डबा झालाय" म्हणतात. जुन्या बायकांना हे लक्षण बरोबर ओळखता यायचं. चूक व्हायची ती पुढच्या उपायात, पोटावर बिब्बा घालण्यात किंवा डाग देण्यात. त्यानं छातीतला जंतू मरत नाही, उलट भाजलेल्या जखमेचं दुखणं वाढतं आणि दवाखान्यात पोचायचे मोलाचे तास जातात. दूध ओढत नाही, प्यायलेलं सगळं उलटतं, झटके येतात, मूल हाका मारूनही सुस्त पडून राहतं, ओठ-जीभ निळसर दिसते, यांतलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा. पलीकडून कन्नडमध्ये विचारलं जाईल, तेव्हा शब्द शोधत बसू नये म्हणून एवढं पाठ करून ठेवा: "मगुविगे उसिराटद तोंदरे इदे, बेग बन्नि." बाळाला श्वासाचा त्रास आहे, लवकर या. पुढे गावाचं नाव आणि जवळची ठळक खूण सांगा.

एवढं आधी सांगितलं, कारण ते आज रात्रीही लागू शकतं. आता धुराकडे वळू.

लहान मुलाला धूर मोठ्यांपेक्षा जास्त बाधतो याची कारणं सरळ आहेत. वजनाच्या मानानं ते आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतं. त्याची फुप्फुसं अजून वाढत असतात. आणि श्वासनळ्या अरुंद असतात: नळीची त्रिज्या सुजेनं निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही, सोळा पटींच्या आसपास वाढतो. ज्या धुरानं आपल्याला नुसता ठसका लागतो त्यानं बाळाची छाती घरघरते ती यामुळे. यातले सर्वात घातक कण पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक. केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रॉन असते, यावरून अंदाज घ्या. हे कण नाकातल्या केसांत अडकत नाहीत, थेट खोल जातात.

सीमाभागात प्रदूषण म्हटलं की बोट साखर कारखान्याच्या चिमणीकडे किंवा बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीकडे, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याकडे जातं. ते चुकीचं नाही. पण बाळ दिवसातले बहुतेक तास घरात असतं, आणि घरातला धूर त्याच्या नाकापासून हातभर अंतरावर निघतो. म्हणून सुरुवात बाळाच्या अंथरुणापासून करा आणि मग बाहेर सरका.

बाळंतिणीची खोली

दारं-खिडक्या लावून, कोळशाची शेगडी पेटवून ओवा, शेपा, वावडिंग, उदाची धुरी द्यायची पद्धत अजून घराघरांत आहे. त्यामागे मायाच असते. पण पंधरा दिवसांच्या बाळाला धूर हा धूरच, तो ओव्याचा असला तरी. बंद खोलीतल्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि त्यानं झोपेत जीव जातो. ऊब हवीच असेल तर बाळाला आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवा, डोक्याला टोपडं, पायांत मोजे घाला, कपडे उन्हात तापवून घ्या. सासूबाईंना पद्धत मोडायची नसेल तर निखारा आणि ओवा अंगणात तुळशीपाशी ठेवा, बाळाचे कपडे-दुपटी मात्र धुरावर धरू नका.

झोळीचंही असंच. आढ्याला बांधलेली झोळी स्वयंपाकघरात किंवा त्याला लागून असेल तर नीट बघा: गरम धूर वर चढतो आणि कौलांखाली थर धरतो. चुलीपाशी खाली बसलेल्या आईपेक्षा वर टांगलेलं बाळ जास्त धुरात असतं. झोळी दुसऱ्या खोलीत आणि जमेल तेवढी खाली आणा. याला खर्च काहीच नाही.

मच्छर कॉइल तर पहिल्या दिवशी बंद करा. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोजलेलं आहे. मच्छरदाणी घ्या आणि तिची कड चारही बाजूंनी गादीखाली खोचा. नुसती सोडून ठेवलेली मच्छरदाणी डासांना आत घेऊन बंद करते. अगरबत्ती, धूप बंद करा असं कुणी म्हणत नाही. देवघरात एकच उदबत्ती लावा, खिडकी उघडी ठेवा आणि तेवढा वेळ बाळ दुसऱ्या खोलीत ठेवा.

चूल आणि बंब

गॅस असला तरी भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर, असं बऱ्याच घरांत चालतं. धूर निम्मा केला म्हणजे धोका निम्मा झाला, असं होत नाही. थोडा धूरही लहान छातीला पुरतो. म्हणून चूल पेटलेली असेल तेवढा वेळ पाच वर्षांखालचं मूल त्या खोलीत नको, पाठुंगळीलाही नको. टाकी महिनाभर पुरवायची असेल तर गॅस सकाळी वापरा, कारण तेव्हा सगळे घरात असतात आणि थंडीमुळे दारं लावलेली असतात.

चूल सोडता येत नसेल तर निदान तिचा धूर कमी करा. लाकूड उन्हाळ्यात फोडून, पावसाआधी छपराखाली रचून, सहा महिने वाळवलेलं हवं. मनगटाएवढं जाड, त्याहून नको. दोन तुकडे एकमेकांवर आपटा: टणटणीत आवाज आला आणि टोकांना चिरा दिसल्या तर वाळलेलं; भद्द आवाज आला तर ओलं. खानापूरच्या पावसाळ्यात ओलं लाकूड जाळून जेवढा धूर होतो, तेवढा वर्षभरात दुसऱ्या कशानं होत नसेल. पेटवण्यासाठी नारळाची शेंडी किंवा करवंटी घ्या. रॉकेल नको, दुधाची पिशवी तर मुळीच नको.

धुराडं घालायचं तर पाईप चार इंची घ्या. आढ्याच्या वर निदान दोन फूट जाऊ द्या. वाटेत काटकोनी वळण देऊ नका, वळवायचाच तर तिरपा. वरच्या टोपीखाली चार बोटं मोकळी जागा ठेवा. पाईप लाकडी वाशापासून वीतभर लांब आणि मध्ये पत्रा हवा, नाहीतर आग लागेल. दर पंधरा दिवसांनी दोरीला गोणपाटाचा गोळा बांधून तो वरून खाली ओढा, काजळी पडते. एवढं करूनही धूर घरात परतत असेल तर चुलीच्या तोंडाशी पेटलेली उदबत्ती धरा. तिचा धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेर येत असेल तर पाईप तुंबलाय, आढ्यापेक्षा ठेंगणा आहे किंवा चुलीचं तोंड गरजेपेक्षा मोठं आहे. कर्नाटकात बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं १९८० च्या दशकात घडवलेली "अस्त्र ओले" ही धुराड्याची चूल (कन्नडमध्ये ओले म्हणजे चूल) याच तत्त्वावर आहे: तोंड बंदिस्त, जाळ भांड्यांखालून फिरतो, धूर थेट बाहेर. तिचीही राखण केली नाही तर ती साध्या चुलीसारखीच धुरते.

परसातला बंब बहुतेक घरांत कचऱ्याची भट्टी होऊन बसतो. तुटकी चप्पल, कॅरीबॅग, सलाईनची नळी, गुटख्याची पुडी, सगळं त्यात जातं. प्लास्टिकच्या धुरात डायॉक्सिनसारखी विषं असतात, आणि बंब पेटतो तो पहाटे, जेव्हा हवा सर्वात जड असते. बंबात लाकूड आणि करवंट्या सोडून काही नको. आणखी एक: गॅस गीझर न्हाणीघराच्या आत असेल तर तो आजच बाहेर काढून घ्या. बंद न्हाणीत तोही शेगडीसारखाच मारतो.

बापाचे कपडे, आईचे हात

फौंड्रीत फेटलिंगला, शॉट ब्लास्टिंगला (ओतीव माल घासून साफ करायची कामं) किंवा वाळूच्या कामाला असलेल्या माणसाच्या कपड्यांत सिलिकाची बारीक धूळ भरून येते. दारात उभं राहून कपडे झटकायची सवय सर्वात वाईट, कारण ती सगळी धूळ पोर धावत येतं त्याच जागी उडते. कामाचे कपडे कामावरच बदलता आले तर उत्तम. नाहीतर घरी आल्याबरोबर काढून थेट पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवा, घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवा, हात-तोंड-केस धुऊन मगच मुलाला उचला. वीटभट्टीवर जाणाऱ्यांनीही हेच करावं.

निपाणी भागात विड्या वळायचं काम घरी चालतं. सुपातल्या तंबाखूचा भुगा हवेत राहतो आणि शेजारी बाळ झोपलेलं असतं. सोप्यावर किंवा अंगणात बसा, वारा जिकडून येतो त्या बाजूला बाळ ठेवा, भुगा झाकणाच्या डब्यात ठेवून लागेल तेवढाच काढा. अंगावर पाजण्याआधी हात साबणानं धुवा आणि वरचा पदर किंवा कापड बदला. निकोटीन कातडीतूनही आत जातं. उठल्यावर जमीन केरसुणीनं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. हा नियम साऱ्या घरांना लागू आहे: कोरडा केर काढला की खाली बसलेली धूळ मुलाच्या नाकाच्या उंचीवर येते. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर "मी दारात उभा राहून ओढतो" हे पुरेसं नाही. गेटाबाहेर जायचं, आणि परत आल्यावर तोंड-हात धुवायचे.

शिवार, कारखाना आणि थंडीची सकाळ

ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत हंगाम सुरू होतो आणि चिकोडी, अथणी, रायबाग, हुक्केरी या पट्ट्यात एकाच वेळी कारखाने, गुऱ्हाळं, पाचटाची (उसाच्या वाळल्या पानांची) आग आणि पुढे वीटभट्ट्या असं सगळं जमतं. त्यात थंडी. रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूर गावावर साचून राहतो. ऊन वर आल्याशिवाय ते झाकण निघत नाही. म्हणून हिवाळ्यात खिडक्या सकाळी ६ ला नाही, ११ ते ४ च्या दरम्यान उघडा. मैदानी खेळ, धावणं, कबड्डीचा सरावही पहाटे नको, दुपारनंतर ठेवा. शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना हे कारणासकट सांगितलं तर बहुतेक ऐकतात.

वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणारी काळी काजळी दिसते म्हणून तिचा राग येतो, पण ते मोठे कण लवकर खाली बसतात. छातीत जातात ते न दिसणारे. तरी काजळीचा एक उपयोग आहे: घराच्या प्रत्येक बाजूच्या खिडकीत एकेक पांढरी बशी, तिला व्हॅसलीनचा पातळ हात लावून, दिवसभर ठेवा. जी बशी जास्त काळी, त्या बाजूनं धूर येतो. हंगामात ती खिडकी बंद ठेवा आणि बाळाचं अंथरूण उलट बाजूला हलवा.

पाचटाची आग मात्र आपल्या हातची आहे. ऊस तुटल्यावर पाचट एकाआड एक सरीत पसरा. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाका आणि पाणी द्या. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं, म्हणजे एकराला साधारण ३० किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो जिवाणू खत. पाचट फसतं ते बहुतेक एकाच कारणानं: खत टाकून पाणी दिलं जात नाही, पाचट कोरडं राहतं आणि शेतकरी म्हणतो, कुजतच नाही. बुडख्यांवर पाचट राहू देऊ नका, फुटवे दबतात.

गावात कुणी कचरा जाळत असेल तर ग्रामपंचायतीच्या पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकारी) लेखी अर्ज द्या, शहरात महापालिकेकडे. उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्ये ५,००० रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,००० रुपये दंड सांगितला आहे. नव्या वीटभट्टीला वस्तीपासून ८०० मीटर अंतराची अट २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेत आहे. अर्जात तारीख, वेळ आणि फोटो असले की तो बाजूला ठेवणं अवघड जातं.

मोबाईलवर "समीर" हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ॲप आहे. त्यात हवेचा निर्देशांक दिसतो. तो १०० च्या आत असेल तर धडधाकट मुलाला काही बंधन नको. १०१ ते २०० मध्ये दमेकरी मुलाचं धावणं-पळणं कमी करा, २०० च्या वर सगळ्यांचंच. पण लक्षात घ्या, हा आकडा हवा मोजणाऱ्या केंद्राच्या आसपासचा. शेजारच्या शेतात पाचट पेटलं असेल तर ॲप काहीही म्हणो, आपलं नाक खरं.

मास्कबद्दल थोडक्यात: ओढणी, रुमाल, कापडी मास्क धूळ अडवतात, धूर नाही. एन-९५ अडवतो, पण गालाला फट राहिली तर त्याचाही उपयोग नाही, आणि मोठ्यांचा मास्क मुलाला फट ठेवतोच. दोन वर्षांखालच्या बाळाला कुठलाही मास्क घालू नका. एअर प्युरिफायर घ्यायचा तर खोलीचं घनफळ काढा: १० बाय १२ फुटांची, १० फूट उंच खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर. हवा तासाला पाच वेळा गाळली जावी, तर यंत्राचा सीएडीआर, म्हणजे ते तासाला किती हवा गाळतं तो आकडा, निदान ताशी १७० घनमीटर असावा. ज्या घरात कॉइल आणि चूल चालू आहे तिथे मात्र हे पैसे वाया गेले असं समजा.

लशी चुकवू नका. न्यूमोनियाविरुद्धची पीसीव्ही दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना, पेंटाव्हॅलंट दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. खोकल्यावर बाळाच्या नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरतं. कापूर आणि बाम दोन वर्षांखाली लावू नका, कापूर पोटात गेला तर झटके येतात. मध एक वर्षाच्या आत नाही.

इनहेलर आणि पाण्याची बाटली

दमा असलेल्या मुलाला इनहेलर लिहून दिला की "सवय लागेल" म्हणून घरचे तो कपाटात ठेवतात आणि गोड औषध पाजत राहतात. हिशोब बघा: साल्बुटामॉलच्या सिरपच्या ५ मिलीत २ मिलिग्रॅम औषध असतं, इनहेलरच्या एका पफमध्ये (एकदा दाबल्यावर निघणाऱ्या फवाऱ्यात) १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे विसावा भाग. तेवढंच थेट छातीत जातं. सवय लागत नाही.

पण मुलाच्या तोंडात नुसता इनहेलर दाबला तर औषध घशावर आपटून तिथेच राहतं. मध्ये स्पेसर, म्हणजे फवारा धरून ठेवणारी पोकळ नळी हवी. चार वर्षांखाली मास्क लावलेला स्पेसर औषधाच्या दुकानातून घ्या. मोठ्या मुलासाठी, हाताशी स्पेसर नसेल तर ५०० मिलीची पाण्याची बाटली चालते, आणि ती विकतच्या इतकीच काम करते हे तपासलेलं आहे. जाड तार इनहेलरच्या तोंडाच्या आकारात वाकवा, गॅसवर लाल करा आणि बाटलीच्या बुडावर मधोमध दहा सेकंद दाबा. तार उलटी फिरवून पुन्हा दाबा. तुकडा निघाला की प्लास्टिक गरम आहे तोवर इनहेलरचं तोंड भोकात खुपसा, म्हणजे ते घट्ट बसतं. फट दिसली तर चिकटपट्टी लावा. मग इनहेलर काढून बाटली साबणाच्या पाण्यात बुचकळा आणि उलटी ठेवून आपोआप वाळू द्या. फडक्यानं पुसू नका. पुसलं की प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि औषध बाटलीच्या भिंतीलाच चिकटून बसतं. कोरड्या, नव्या बाटलीत पहिले पफ फुकट जातात ते यामुळेच.

मूल ताठ बसवा. इनहेलर हलवा, बाटलीला लावा, बाटलीचं तोंड ओठांत घट्ट धरायला सांगा. एकदाच दाबा आणि बाटलीतूनच सावकाश पाच-सहा श्वास घेऊ द्या. दुसरा पफ हवा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबा, पुन्हा हलवा. दोन पफ एकत्र मारले तर कण एकमेकांना चिकटून खाली पडतात. रडताना दिलेला पफ पोचत नाही, आधी शांत करा. स्टेरॉइडच्या इनहेलरनंतर चूळ भरायला लावा, मास्क असेल तर चेहराही पुसा. धाप लागल्यावर किती पफ, किती मिनिटांनी आणि कधी निघायचं, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजच्या दारावर लावा. दरवर्षी ज्याला गळीत हंगामात त्रास होतो, त्याला हंगामाच्या महिनाभर आधीच दाखवा. रोजचं प्रतिबंधक औषध लागू पडायला काही आठवडे जातात.

इनहेलरवर बहुतेक २०० पफ लिहिलेले असतात. पहिला पफ घेतला ती तारीख कॅनवर मार्करनं लिहा. रोज ४ पफ म्हणजे ५० दिवस. औषध संपल्यावरही कॅनमधून फुसफुस येत राहते, आणि मूल मध्यरात्री धापा टाकत असताना आपण रिकामा वायू देत बसतो. पंचेचाळिसाव्या दिवशी नवा कॅन घरात असू द्या.